सवतीचा आवाज

"बाबा, आवाज केवढा मोठा ठेवलाय! शेजारी भांडायला येतील."

लेकीचे ओठ नीट वाचून म्हाताऱ्याने ॲम्प्लिफायरचं बटण थोडं मागे फिरवलं. मनातून तो खूश झाला. चला, आजचाही रविवार निभावला!

त्याचे कान पार गेले त्याला तीन वर्षं झाली होती. जन्म लेथ मशीनपाशी गेल्यावर दुसरं काय होणार? ओठ वाचायची विद्याही त्याने कारखान्यातच उचलली. तिथे कोणाचं कोणाला ऐकू यायचंच नाही. त्या विद्येवर त्याचं सगळं बिनबोभाट चाललं होतं.

लेकीला मात्र त्याने पत्ता लागू दिला नव्हता. बायको गेल्यापासून लेक दर रविवारी यायची, रेकॉर्ड लावायची आणि तासभर त्याच्या शेजारी बसायची. मांडीवर तिचं बोट ठेका धरायचं, ते बघून तोही धरायचा. बाप बहिरा झालाय हे कळलं तर रडेल, डॉक्टरांकडे ओढून नेईल, आणि रेकॉर्ड काही पुन्हा लावणार नाही. त्या एका तासासाठी तर तो बाकीचे सहा दिवस ढकलत होता.

ॲम्प्लिफायर जुना. लग्नानंतर पहिला बोनस मिळाला तेव्हा हा पठ्ठ्या पलंग आणायला गेला आणि हे धूड खांद्यावर घेऊन परतला. तोवर गाणं म्हणजे रेडिओची खरखर. याच्यातून त्याला पहिल्यांदा गाणाऱ्या बाईने कडव्याआधी घेतलेला श्वास ऐकू आला, आणि त्याला चक्क रडू फुटलं. बायको तीन दिवस बोलली नाही. तिने ॲम्प्लिफायरचं नाव सवत ठेवलं. चौथ्या दिवशी मात्र भाजी निवडायला ती सवतीपुढेच येऊन बसली.

"आईचा किती राग होता ना हिच्यावर?" लेकीने विचारलं.

"राग? शेवटपर्यंत हिच्यावरची धूळ तिने मला पुसू दिली नाही!"

दोघंही हसली. लेक गेल्यावर त्याला वाईट वाटलं. आपल्याला आता या सवतीचा काय उपयोग? पोरीच्या घरी तरी नीट वाजू दे, रविवारी आपणच तिकडे जाऊन बसू. सोमवारी सकाळीच तो कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावून घेऊन आला.

"जरा साफसूफ कर रे. लेकीला द्यायचाय. चालतो झकास, पण तिच्याकडे गेल्यावर कुरकुर नको."

मेकॅनिकने मागचं झाकण काढलं, आत डोकावला आणि काहीतरी पुटपुटला.

"आधी तोंडातले स्क्रू काढ, मग बोल," म्हातारा म्हणाला.

मेकॅनिकने स्क्रू तळहातावर घेतले. "काका, चेष्टा करताय का गरिबाची? हा दोन वर्षांपूर्वीच जळालाय. तुम्ही बाहेर गेला होतात तेव्हा ताईंनी मला बोलावलं होतं. मी म्हटलं, आतला भाग आता कुठे मिळत नाही, भंगारात द्या."

म्हाताऱ्याने पुढच्या बाजूच्या दिव्यावर बोट ठेवलं. "मग?"

"नुसता दिवा लागेल एवढं करून द्या म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, आवाज आला नाही तर काकांना कळेलच की! तर म्हणाल्या, 'बाबांना नाही कळणार. आम्हा दोघांचा तेवढा एक तास आहे, तो राहू दे.'"