डाव्या खांद्याची रायफल

"सरकारनं फुकटात रायफल देली, तरी आमच्या दौलतले घरी आल्यावर निशाण्यासाठी घरची पायजे!" बर्डीवरच्या बंदुकीच्या दुकानात काटोलचे रुपराव ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून आलेलं पोराचं पत्र कौतुकानं नाचवत होते. मग सून पाहायला आल्यासारखी त्यांनी पत्रातली एकेक अट सांगितली. वजनाला हलकी हवी, खांद्याला धक्का कमी बसावा आणि काडतुसं परवडावीत.

"मंग ही पॉइंट टू-टू न्या," दुकानदार ताराचंद म्हणाला. "लाथ मारत नाही, काडतूसही सस्तं. अजून काही?"

"हो, डाव्या खांद्याले लावता आली पायजे."

"पोरगा डावखुरा हाये का, रुपरावजी?"

"काहीतरीच काय गा! जेवते उजव्यानं, लिहिते उजव्यानं. अन् अक्षर तं असं मोत्यावानी, का मास्तर साऱ्या वर्गाले दाखवे. हे पाह्य ना!" म्हणत रुपरावांनी पत्र ताराचंदसमोर धरलं, आणि स्वतःही पाहिलं.

 

पत्रातलं ते वेडंवाकडं अक्षर रुपराव गेले आठ दिवस घाईतलं समजून वाचत होते.