करड्या पाट्या

“पाटी अशी रंगव, की वाचता न येणाऱ्यालाही दुकान सापडलं पाहिजे,” असं पेंटरला त्याचे वडील सांगायचे. पण वर घरं, खाली दुकानं अशी ही नवी इमारत देखणी दिसावी म्हणून मालकाला सगळ्या पाट्या एकसारख्या करड्या हव्या होत्या, चित्रांना बंदी. पेंटरनं कात्री, दात, किल्लीची चित्रं सोडून नुसती अक्षरं रंगवली.

दुसऱ्याच दिवशी, कधी शाळेत न गेलेल्या वरच्या मावशींनी त्याला गाठलं. “अरे, शिंप्याकडे म्हणून शिरले, तर तो दातांचा डॉक्टर! म्हणे, तोंड उघडा. म्हटलं, बाबा, आधी हा उसवलेला सदरा बघ!”

त्याला हसू आलं नाही. “मावशी, उद्या नाही चुकणार तुम्ही.”

नियमात पायऱ्यांबद्दल अवाक्षर नव्हतं. सकाळीच रंगाचा डबा घेऊन तो शिंप्याच्या पायरीकडे निघाला.