दर शनिवारचा फोन

सरकारच्या आरोग्य सुधारणेचा देशभराचा निकाल शाल्मलीनेच काढला होता: जवळजवळ सगळे रुग्ण ठणठणीत बरे. त्या आनंदात ती पेढे घेऊन कऱ्हाडला गेली, तर आई भिंत धरत दार उघडायला आली.

"गुडघा अजून दुखतो? आमच्या नोंदीत तर तू पूर्ण बरी झालीयस."

"मीच तर सांगते ना तुला, दर शनिवारी."

शनिवारचे ते फोन शाल्मली नव्हे, तिच्या खात्याचं यंत्र करायचं. परक्याला कोणी दुखणं सांगत नाही, म्हणून रुग्णाच्या सगळ्यात जवळच्या माणसाच्या आवाजात विचारायचं, ही कल्पना तिचीच. रुग्णांना अर्थात याचा पत्ता नव्हता. बढतीही तिला त्यावरच मिळाली होती.

"पण बरी आहे असं का सांगितलंस?"

"लेकीला कोण रडगाणं सांगतं गं? तिकडे तुझ्या जिवाला घोर."

देशात अशा किती आया असतील, हा हिशेब शाल्मलीला बसल्या जागी करवेना. तेवढ्यात शेजारच्या शेलारकाकू आल्या आणि पेढा उचलत म्हणाल्या, "पूर्वी ही दिवाळीलासुद्धा फोन करायची नाही. आता बघा, एक शनिवार चुकत नाही. आमच्या चिरंजीवांना शिकव जरा."

"आणि हल्ली घाईत नसते हो," आई कौतुकाने म्हणाली. "माझं सगळं ऐकून घेते."

खरं सांगायला शाल्मलीने तोंड उघडलं.

"वेळ काढावाच लागतो, काकू," ती म्हणाली, आणि आईकडे न बघता पेढ्यांचा पुडा पुन्हा बांधू लागली.