पेट्रोल की डिझेल?

शारजात केटरिंगचा धंदा करणाऱ्या सदानंदरावांच्या जिवाला घोर लागला होता. लग्नाच्या पंगतीचं अख्खं स्वयंपाकघर ट्रेलरवर ओढत निघालेली त्यांची जुनी पिकअप फुजैराच्या चढावर धापा टाकत बसली, आणि तिकडे वऱ्हाडी मंडळी उपाशी ताटकळली. आता नवी घेणं भागच होतं.

"पेट्रोलची घ्या हो," त्यांच्या पत्नी विभावरीताई म्हणाल्या. "डिझेलच्या घरघरीत तुमचं गाडीतलं कीर्तन तुम्हालाच ऐकू यायचं नाही."

"अगं, कीर्तन मनातही रंगतं, ट्रेलर काही मनाने ओढला जात नाही! चढाला डिझेलच खंबीर. नीट सांभाळली तर निनादच्या पोरांपर्यंत टिकेल."

बोलता बोलता त्यांनी चोरून लेकाकडे पाहिलं. शिक्षण संपवून निनाद घरी आला, तेव्हापासून 'धंदा पुढे चालवशील ना रे?' हे विचारायचा धीर त्यांना झाला नव्हता. म्हणून त्यांनी गाडीचंच विचारलं, "तूच सांग राजा, कुठली घेऊ?"

निनादने मोबाइलमधून मान वर केली.



"पेट्रोल, बाबा. तुम्ही रिटायर झालात की विकायला इझी."