पावलाची वीट

आर्किटेक्चर कॉलेजच्या अर्जात सोसलेले हाल लिहायचे होते. लेकीने लिहिलेलं सुकीला वाचून दाखवलं, “भातझोडणी उरकली की आईबाप डहाणू सोडून भिवंडीच्या वीटभट्टीवर जायचे. माझं बालपण धुळीत गेलं.” खोटं काहीच नव्हतं, तरी सुकीला टोचलं. तिने माठाखालची वीट काढून समोर ठेवली. विटेवर इवलंसं पाऊल उमटलं होतं. “दोन वर्षांची होतीस. बापाने पाडलेल्या ओल्या विटेवर पाय दिलास. शेठ ओरडला, मोडून टाक. बाप म्हणाला, भाजू द्या, माझ्या पोरीची पहिली वीट आहे.” “हे कधी बोलली नाहीस, आये.” “राबलो ते लिही. पण त्या विटांची घरं उभी राहिली, तेही लिही.” लेकीने शेवटी एक ओळ वाढवली, “माझी पहिली वीट अजून शाबूत आहे.” “मुलाखतीला ही घेऊन जा,” म्हणत सुकीने माठाखाली दगड सरकवला.