आधी धाकट्याने उचलायचं

वाटे थोरल्याने करायचे आणि आधी धाकट्याने उचलायचं, ही दातिवरे गावाची वाटणीची जुनी रीत. त्यामुळे थोरला फसवू शकत नाही, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी कमलाकांतला पाहिलेलं नसावं.

अंगणात चार शेजाऱ्यांदेखत त्याने दोन वाटे मांडले होते. जाळी, नांगर, भाले दोन्हीकडे सारखे. फरक होता तो पायात घालून बुडी मारायच्या पंखांचा. एका वाट्यावर जुने, आखूड, रबरी. दुसऱ्यावर काळे, लांब, कार्बन फायबरचे, आखातातल्या जहाजावरून मेव्हण्याने दोघांत मिळून पाठवलेले. थंडीत पाणी निवळलं की दोघे भाऊ खडपात, पाण्याखालच्या खडकांत, भाल्याने गोबरे मासे मारत. जात एकत्र, आणि एकमेकांना पाण्यात पाहत.

महिनाभर कमलाकांत ते काळे पंख खोबरेल लावून पुसत होता, धाकट्या चिंतूच्या नजरेसमोर. पायात घातलेले मात्र कोणी पाहिले नव्हते. चिंतूने त्याचा विचार केला नाही. भावाचा जीव कशात आहे एवढं त्याला कळलं, आणि तेच त्याला हवं होतं. त्याने काळ्या पंखांवर हात ठेवला.

"उचललास ना?" कमलाकांत म्हणाला. "आता बदलून मिलनार नाय."

चिंतूने तिथेच एक पंख पायात घालायला घेतला. पाऊल शिरेना. आतला जोडा परमुलखातल्या अरुंद पावलाचा, आणि वाळूत अनवाणी वाढलेला त्याचा पंजा सुपासारखा पसरलेला. बोटं दुमडली, टाच बाहेरच राहिली. कमलाकांत नुसता बघत होता. महिन्यापूर्वी घरामागे त्याचीही बोटं अशीच दुमडली होती.

चिंतूला सगळं उमगलं. पण भावापुढे हार खाणं त्याला मरणापेक्षा जड होतं. दातओठ खाऊन त्याने टाच आत कोंबली. अंगठ्याच्या नखातून रक्त आलं.

"बसला," तो म्हणाला. पंख काढून काखेत मारले, भाला घेतला आणि लंगडत खडपाकडे निघाला. भरती लागली होती. असे आवळलेले पाय खाली गेले की पोटरीत गोळा येतो, आणि खडपात गोळा आलेला माणूस वर येत नाही, हे अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी कोणी त्याला अडवलं नाही.

त्यांची आई येसूबाई इतका वेळ उंबऱ्यात बसून होती. ती उठली, रबरी पंख उचलले आणि थोरल्याच्या पायांपुढे आपटले.

"वाटे तू केलंस," ती म्हणाली. "आता तेला काडाला बी तूच जा. एकटा आलास तं या दारात पाय ठेवू नको."

 पंख घेऊन कमलाकांत पाण्यापर्यंत गेला आणि उभा राहिला. खडपापाशी चिंतूचं डोकं पाण्याखाली गेलं, तेव्हा तो वाकला.

रबरी पंख त्याच्या पायात पहिल्याच झटक्यात बसले.