न लावलेला पॅच

नानांनी नवव्यांदा तेच उत्तर दिलं. सोमवारी बघू.

सोमवार म्हणजे कुठला, हे याही वेळी त्यांनी सांगितलं नाही. तिने फोन ठेवला, मांडीवरच्या लेकीच्या तोंडातून चार्जरची वायर काढली आणि समोरच्या तक्त्याकडे पाहिलं. बालरुग्णालयाच्या सतरा शाखा. सोळा नावांपुढे हिरवी खूण. सतरावी, नानांची, लाल. गेले सहा आठवडे लाल.

गोष्ट साधी होती. रुग्णालयाच्या मशीनवर जी ऑपरेटिंग सिस्टिम चालते, तिच्या गाभ्यात, कर्नेलमध्ये, एक भगदाड सापडलं होतं. मशीनच्या ओसरीवर पाय ठेवायला मिळालेला कुणीही त्यातून थेट घरमालक होऊन बसू शकत होता. भगदाड बुजवणारा पॅच त्याच दिवशी आला. लावायला वीस मिनिटं, मग मशीन एकदा बंद करून चालू करायचं. तिने त्याच संध्याकाळी सगळ्या शाखांना कळवलं. मुख्य कार्यालयाचं काम ती घरून करायची, आणि कळवणं एवढंच तिच्या हातात होतं. ज्याचं मशीन त्याने सांभाळायचं, तिने विचारायचं आणि खूण करायची, असा नियम होता.

विचारून विचारून तिच्या नाकी नऊ आले. मुख्य कार्यालयात तिला पॅचबाई म्हणायला लागले होते, हे तिच्या कानावर आलंच होतं.

नाना त्या शाखेचं मशीन गेली चौदा वर्षं सांभाळत होते. पहिल्या आठवड्यात त्यांना ताप होता. दुसऱ्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांची परवानगी हवी होती. ती तिने काढून दिली. तिसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, चांगल्या कापडाला ठिगळ कशाला? चौथ्यात त्यांनी तिलाच झापलं. मध्ये एकदा पहाटे मशीन आपलं आपणच चार मिनिटं बंद पडून चालू झालं, तर वॉर्डातल्या नर्सबाईंनी त्यांना दिवसभर धारेवर धरलं होतं. आता मुद्दाम बंद करून शिव्या कोण खाणार? आणि हल्ली तर ते कधी नव्हे इतकं छान चालतंय. अडकत नाही, कुरकुरत नाही.

तिने पुन्हा पहिल्यापासून समजावलं. अगदी लेकीला भरवताना लावते तितका धीर लावून.

"नाना, आत शिरलेला माणूस तोडफोड करत नाही हो. घरच्यासारखा राहतो. मागून दुसरा कुणी येऊ नये म्हणून आतून कडी लावतो. आवराआवर करतो, कुणाला संशय येऊ देत नाही."

"मग येऊ दे की," नाना म्हणाले. "आमच्याकडे आवराआवर करायला तसंही कुणी नाही."

तिने कपाळावर हात मारून घेतला. लेकीला न्यायला आलेल्या सासूबाई दारातच थांबून ऐकत होत्या. "ही आठ महिन्यांची," त्या नातीला उचलत म्हणाल्या, "पण तुझ्या नानांपेक्षा लवकर ऐकते."

तिला हसू आलं, पण नजर पुन्हा त्या लाल खुणेवर गेली. त्या मशीनमध्ये अकरा हजार मुलांच्या नोंदी होत्या. कुणाला कुठलं औषध द्यायचं, किती द्यायचं, कुणाला मुळीच चालत नाही. तिची लेक त्याच शाखेत जायची. तिसऱ्या महिन्यात एका इंजेक्शनने तिच्या अंगभर गांधी उठल्या होत्या, श्वास अडकला होता. त्यानंतर डॉक्टरांनी तिच्या नोंदीत एक ओळ लिहिली. ती ओळ पुसायला किंवा बदलायला कुणा परक्याला एक क्षण पुरला असता.

शेवटी तिने नको ते केलं. नानांच्या नावानिशी संचालकांकडे तक्रार केली. नानांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, हे ठाऊक असून केली. सुनावणी शुक्रवारची ठरली, आणि तोवर पॅच तिनेच लावावा म्हणून संचालकांनी नानांकडून मशीनचा मुख्य पासवर्ड मागवून तिला दिला.

गुरुवारी दुपारी लेक झोपली. तिने पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवली आणि पहिल्यांदाच त्या मशीनमध्ये शिरली. आधी कर्नेल किती जुनं आहे ते पाहिलं. मग डोळे चोळून पुन्हा पाहिलं.

कर्नेल नवं होतं. पॅच लागलेला होता.

तारीख सहा आठवड्यांपूर्वीची. तिने कळवलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, पहाटे पावणेचारची. काम इतकं नीटनेटकं की तिला स्वतःलाही असं जमलं नसतं. जुन्या फायली काढलेल्या, कुठे कचरा नाही, सगळं जागच्या जागी.

सहा आठवडे साठवलेला सगळा राग अंगातून उतरून गेला आणि त्या जागी नुसती लाज उरली. म्हातारा माणूस पहाटे उठून, गाजावाजा न करता काम करून मोकळा झाला होता. सांगायचं मात्र सुचलं नाही. किंवा पॅचबाईची गंमत करत राहिला. तिने लाल खूण पुसली, हिरवी केली आणि फोन लावला.

"नाना, मी चुकले. पॅच तुम्ही दुसऱ्याच दिवशी लावलाय की. सांगायचं तरी. तक्रार मी आत्ताच मागे घेते."

पाळण्यात लेकीने कूस बदलली.

"तक्रार राहू दे, पोरी," नाना म्हणाले. आजवर ते तिला मॅडम म्हणत. "मला तो पॅच लावताच येत नाही. सांगायची लाज वाटली म्हणून सोमवार सोमवार करत राहिलो. आणि तुला दिला तो पासवर्ड त्याआधी माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हता."